पात्रता कोण ठरवतो? अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांचे ‘सारखे’ नियम आणि श्रेणीबद्ध शिक्षा

‘नियम सगळ्यांना सारखाच आहे.’ हे वाक्य आपल्या समाजातल्या प्रत्येक मुलामुलीने कधी ना कधी ऐकलेले असते. प्रवेशाच्या खिडकीवर, वसतिगृहाच्या कार्यालयात, नोकरीच्या मुलाखतीत. हे वाक्य ऐकून आपण अस्वस्थ होतो, पण त्याचा अर्थ आपल्याला नियम नकोत असा नाही. आपण संविधान मानणारी माणसे आहोत. कायद्याचे राज्य नसेल तर पहिला घाव आपल्यावर पडतो, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? म्हणूनच नियम सारखा आहे असे कोणी म्हटले, की आम्ही दोन प्रश्न विचारतो. तो लिहिला कोणी? आणि मोडला गेल्यावर शिक्षा कोणाला होते?

हे दोन प्रश्न घेऊन आम्ही या लेखात अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांचा इतिहास तपासत आहोत. हा विषय परका वाटेल. पण ‘गुणवत्ता’, ‘पात्रता’ आणि ‘शुद्धता’ या तीन शब्दांनी एखाद्या समाजाचे श्रम कसे फुकट वापरता येतात, हे इतक्या उघडपणे दुसरीकडे क्वचितच दिसते.

आधी हा धंदा समजून घेऊ

आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामना बघायला बहुतेक वेळा खेळाडूंचे मित्रच असतात. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या मोठ्या स्टेडियममध्ये लाखभर प्रेक्षक बसतात. (हा फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन धडका देत खेळायचा त्यांचा खेळ.) पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क २०१० मध्ये १४ वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरला विकले गेले. पुढे हा करार २०३२ पर्यंत वाढवला, तेव्हा वाढीव आठ वर्षांचे ८.८ अब्ज डॉलर ठरले. अनेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर हा राज्यपाल नसतो, सरकारी विद्यापीठाचा कोच असतो.

हा सगळा कारभार पाहणारी संघटना म्हणजे नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजेच एनसीएए. वरच्या विभागातल्या पुरुष बास्केटबॉल खेळाडूंत निम्म्याहून अधिक काळे आहेत, आणि मोठ्या फुटबॉल संघांतही त्यांचे प्रमाण लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. ज्यांच्या अंगावर हा धंदा उभा आहे, त्यांना २०२१ पर्यंत शिष्यवृत्तीपलीकडे स्वतःच्या खेळातून किंवा नावातून कमाई करण्यास बंदी होती. कोणाकडून पैसे, कपडे, विमानाचे तिकीट घेतले की खेळाडू ‘अपात्र’.

बाजार मात्र थांबत नाही. सतरा वर्षांच्या चांगल्या खेळाडूला आपल्या कॉलेजात आणण्यासाठी कोच, धनाढ्य माजी विद्यार्थी आणि बुटांच्या कंपन्या त्याच्या घराचे उंबरे झिजवतात. हीच ती ‘भरती’. तिच्यात टेबलाखालून पैसा फिरतो. तो सापडला की घोटाळा होतो, चौकशी होते, शिक्षा होते. या शिक्षा कोणाच्या वाट्याला आल्या, तो आपला विषय.

‘हौशी’ या शब्दाची जात

खेळाडूने पैसे घेऊ नयेत, ही कल्पना कुठून आली? नीतिमत्तेतून आली असे सांगितले जाते. इतिहास वेगळे सांगतो.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये उच्चवर्गीयांनी ‘हौशी’ खेळाडूची व्याख्या केली. नौकानयनाच्या प्रसिद्ध हेन्ली स्पर्धेने १८७९ मध्ये जे नियम केले, त्यांत कारागीर आणि मजूर यांना हौशी मानायचेच नाही असे होते. पैसे घेऊन शर्यत मारली की नाही, हा प्रश्नच नव्हता. हाताने काम करून पोट भरतो, एवढ्यावरून माणूस अपात्र. श्रम विटाळतात, ही कल्पना आपल्याला काही नवी नाही.

१९२० मध्ये फिलाडेल्फियाच्या जॉन केली या नावाड्याचा अर्ज हेन्लीने फेटाळला. त्याच्या क्लबवर जुनी बंदी होती, आणि तो स्वतः गवंडीकाम केलेला माणूस होता. त्याच वर्षी त्याने अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये इंग्लंडच्या जॅक बेरेसफर्डला हरवून सुवर्णपदक जिंकले. मजुरांना वगळणारे कलम हेन्लीने काढले ते १९३७ मध्ये. ही नौकानयनाची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. शंभर वर्षांनी ती पुन्हा येणार आहे.

याच काळात आपल्या पुण्यात पळवणकर बाळू गोऱ्यांच्या क्लबच्या मैदानावर खेळपट्टीची देखभाल करत होते आणि साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी टाकत होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरी चांभार म्हणून जन्मलेल्या या माणसाला हिंदू संघाचे कर्णधारपद कधी मिळाले नाही. त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले, तेही मोठ्या आंदोलनानंतर. ‘अस्पृश्य कर्णधार होऊ शकत नाही’ असे क्रिकेटच्या कोणत्या पुस्तकात लिहिले होते? कुठेच नाही. लिहायची गरजच नव्हती.

अमेरिकेतला आदिवासी खेळाडू जिम थॉर्प याची कथा तर हौशीपणाचा खरा चेहराच दाखवते. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये पेंटाथलॉन आणि डेकॅथलॉन ही दोन्ही सुवर्णपदके त्याने जिंकली. नंतर उघड झाले की १९०९-१० मध्ये त्याने किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळले होते. त्या काळी कॉलेजातली कितीतरी गोरी मुले उन्हाळ्यात असेच खेळत, पण खोट्या नावाने. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला. हरकत घ्यायची तर तीस दिवसांत घ्यावी, असा ऑलिम्पिकचा नियम होता. ती मुदत केव्हाच उलटली होती, तरी १९१३ मध्ये त्याची पदके काढून घेतली. म्हणजे त्याला शिक्षा करण्यासाठी नियमाचा आधार घेतला, आणि त्याला वाचवणारा नियम बाजूला ठेवला. थॉर्प १९५३ मध्ये वारला. १९८२ मध्ये ऑलिम्पिक समितीने पदके परत द्यायचे ठरवले, आणि एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव लागायला २०२२ उजाडले.

न लिहिलेला पात्रता-नियम

१९०५ च्या हंगामात अमेरिकन फुटबॉलमध्ये किमान १८ खेळाडू मेले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बड्या विद्यापीठांना व्हाइट हाउसमध्ये बोलावले. त्यातून पुढच्या वर्षी जी संघटना उभी राहिली, तिला १९१० मध्ये एनसीएए हे नाव मिळाले. खेळाडूंचे जीव वाचवणे हे तिचे मूळ काम. हळूहळू तिचे मुख्य काम झाले खेळाडूंच्या खिशावर पहारा ठेवणे.

पण पात्रतेचा सर्वांत कडक नियम तिच्या पुस्तकात नव्हताच. उत्तरेतल्या विद्यापीठांच्या संघांत काही काळे खेळाडू होते. दक्षिणेतला गोरा संघ समोर असला, की उत्तरेचे विद्यापीठ आपल्या काळ्या खेळाडूला बाहेर बसवत असे. याला ते ‘सभ्य गृहस्थांमधला करार’ म्हणत. नाव तरी किती सभ्य! १९३४ मध्ये मिशिगनने जॉर्जिया टेकविरुद्धच्या सामन्यात विलिस वॉर्डला बसवले. १९४० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाने मिसूरीच्या सामन्यातून लेनर्ड बेट्सला वगळायचे ठरवले, तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर उतरले. बेट्सला खेळवा, ही त्यांची मागणी. बेट्सला खेळवले गेले नाही. उलट आंदोलन पुढे चालवणाऱ्या सात विद्यार्थ्यांना १९४१ मध्ये निलंबित केले. त्या सात जणांचा विद्यापीठाने सन्मान केला तो २००१ मध्ये, साठ वर्षांनी.

या करारांबद्दल एनसीएएने कोणत्या विद्यापीठाला शिक्षा केली? नाही केली. काळ्याने शंभर डॉलर घेतले तर खेळ भ्रष्ट होतो. त्याला काळा म्हणून बाहेर बसवले, तर तो दोन सभ्य गृहस्थांमधला मामला असतो.

‘विद्यार्थी-खेळाडू’: एका शब्दाचा कावा

१९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस ए अँड एम कॉलेजचा रे डेनिसन हा फुटबॉलपटू सामन्यात डोक्याला मार लागून मेला. त्याच्या विधवेने कामगार भरपाई मागितली. प्रश्न सरळ होता. हा माणूस कॉलेजसाठी काम करताना मेला का? १९५७ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हणून सांगितले, कारण कॉलेज फुटबॉलचा धंदा करत नाही.

अशाच दाव्यांच्या भीतीने एनसीएएने ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द घडवला आणि सर्व कागदपत्रांत वापरायला लावला. विद्यार्थी म्हटला की पगार नाही, खेळाडू म्हटला की वर्ग बुडवून सरावाला यायचे. हा शब्द ज्यांच्या कारकिर्दीत घडला, ते वॉल्टर बायर्स साडेतीन दशके एनसीएएचे प्रमुख होते. निवृत्तीनंतर १९९५ मध्ये पुस्तक लिहून त्यांनीच या व्यवस्थेला गुलामांच्या मळ्यांवरच्या मालकी वृत्तीची उपमा दिली. मळ्याचा मुकादमच जेव्हा मळा म्हणतो, तेव्हा वेगळी साक्ष कशाला हवी?

साठच्या दशकाच्या शेवटी काळे खेळाडू बोलू लागले. १९६९ मध्ये वायोमिंग विद्यापीठाच्या १४ काळ्या खेळाडूंना वंशभेदाच्या निषेधार्थ दंडावर काळी फीत बांधायची होती. एवढ्यावरून कोच लॉइड ईटन यांनी चौदाही जणांना संघातून काढले. १९७३ मध्ये एनसीएएने चार वर्षांची शिष्यवृत्ती एक वर्षाची केली. दरवर्षी ती पुन्हा मिळणार की नाही हे कॉलेज ठरवणार, आणि कॉलेज म्हणजे इथे कोचच. एका वर्षाच्या शिष्यवृत्तीवर जगणारा पोरगा तोंड उघडेल का? गावकीत ज्याची भाकरी पाटलाच्या हातात, त्याचे तोंड कोण बांधतो हे आपल्या आज्ज्यांना विचारावे.

परीक्षेची चाळणी, आणि काळ्या समाजातला वाद

१९८३ मध्ये एनसीएएने ‘प्रपोझिशन ४८’ मंजूर केले आणि १९८६ पासून ते लागू झाले. पहिल्या वर्षी खेळायचे तर ठरावीक अकरा विषयांत किमान सरासरी गुण हवेत, आणि एसएटी परीक्षेत १६०० पैकी किमान ७०० हवेत. दिसायला साधी अट. पण परिणाम पाहा. या चाळणीत अडकलेल्यांत बहुसंख्य काळे होते. काळ्यांच्या ऐतिहासिक महाविद्यालयांच्या अध्यक्षांनी तेव्हाच हरकत घेतली की, मसुदा करताना आम्हाला विचारलेच नाही. १९८९ मध्ये ‘प्रपोझिशन ४२’ आले आणि अशा मुलांची शिष्यवृत्तीही बंद करायचे ठरले. त्या वर्षी १४ जानेवारीला जॉर्जटाउनचे काळे कोच जॉन थॉम्पसन सामना सुरू होण्याच्या वेळी मैदान सोडून चालते झाले. दाराशी आलेल्या गरीब पोराला तुम्ही परत पाठवता आहात, हा त्यांचा मुद्दा होता. पुढच्याच वर्षी तो नियम सौम्य करावा लागला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. काळा समाज या प्रश्नावर एकमुखी नव्हता. १९६८ च्या ऑलिम्पिकमधल्या काळ्या खेळाडूंच्या बंडामागचे समाजशास्त्रज्ञ हॅरी एडवर्ड्स आणि टेनिसपटू आर्थर अ‍ॅश यांनी अभ्यासाची अट असावी, अशी बाजू घेतली. आपली पोरे चेंडूच्या नादी लागून पुस्तक सोडतात, अट असेल तर शाळा आणि पालक जागे होतील, असे त्यांचे म्हणणे होते. बाबासाहेबांच्या लेकरांना हा युक्तिवाद सहज झटकता येणार नाही. ‘शिका’ हा आपला पहिला मंत्र आहे.

आमचे मत असे. अभ्यासाची अपेक्षा ठेवणे योग्यच. पण वाईट शाळा देणारे राज्य बाजूला राहते, आणि त्या शाळेत शिकलेल्या पोराला एका परीक्षेच्या आकड्यावर अपात्र ठरवले जाते, तेव्हा ती अपेक्षा राहत नाही, ती हकालपट्टी होते. फिलाडेल्फियातल्या एका शाळेचे दोन काळे विद्यार्थी याच मुद्द्यावर न्यायालयात गेले. शाळेत त्यांचे गुण उत्तम होते, अडले ते फक्त एसएटीच्या आकड्यावर. १९९९ च्या मार्चमध्ये जिल्हा न्यायालयाने मान्य केले की या आकड्याचा फटका काळ्यांना अन्यायाने बसतो. डिसेंबरमध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला. आकडा न्याय्य आहे असे म्हणून नव्हे, तर एनसीएएला सरकारी अनुदानाशी जोडलेला भेदभावविरोधी कायदा या बाबतीत लागू होत नाही, असे म्हणून. अखेर २०२३ मध्ये एनसीएएने ही परीक्षेची अट स्वतःच काढून टाकली. तोवर ज्यांची वर्षे गेली, ती गेली.

खरी चोरी कशाची होती?

आता या लेखाच्या गाभ्याशी येतो. पात्रतेचे नियम शिक्षणाचे रक्षण करण्यासाठी आहेत, असे सांगितले जाते. मग शिक्षणाचे काय झाले?

केविन रॉस हा काळा बास्केटबॉलपटू १९७८ ते १९८२ क्रेटन विद्यापीठात खेळला. चार वर्षांनी बाहेर पडला तेव्हा त्याला धड वाचता येत नव्हते. वाचायला शिकण्यासाठी तो शिकागोतल्या एका शाळेत लहान मुलांच्या शेजारी बसला. फुटबॉलचा तारा डेक्स्टर मॅनली ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात चार वर्षे खेळून व्यावसायिक संघात गेला. १९८९ मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे त्याने सांगितले की, कॉलेजात असताना आपल्याला वाचताच येत नव्हते. ही दोन्ही मुले विद्यापीठाच्या कागदावर अगदी ‘पात्र’ होती. सामन्याच्या दिवशी कोणी त्यांना अडवले नाही.

याहून मोठे प्रकरण नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे. तिथे १९९३ ते २०११ अशी १८ वर्षे बोगस वर्ग चालले. प्राध्यापक नाही, तास नाही. शेवटी एक निबंध द्यायचा आणि चांगली श्रेणी घ्यायची. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार अशा वर्गांत ३,१०० हून अधिक विद्यार्थी होते आणि त्यांतले जवळपास निम्मे खेळाडू. विभाग कोणता होता माहीत आहे? आफ्रिकी आणि आफ्रिकी-अमेरिकी अभ्यासाचा. अमेरिकन विद्यापीठांत असे विभाग साठच्या दशकात काळ्या विद्यार्थ्यांनी लढून मिळवले होते. काळ्यांचा इतिहास शिकवण्याची जागा, काळ्या पोरांना काहीच न शिकवण्यासाठी वापरली गेली.

एनसीएएने ऑक्टोबर २०१७ मध्ये निकाल दिला. विद्यापीठाला शिक्षा नाही. कारण? हे बोगस वर्ग इतर विद्यार्थ्यांनाही खुले होते, म्हणून तो खेळाडूंना दिलेला खास फायदा ठरत नाही. नियमाच्या शब्दात हे बसते. याच वर्षी सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचा काळा फुटबॉलपटू डोनाल्ड डे ला हे याला अपात्र ठरवले गेले. त्याचा गुन्हा हा की तो यूट्यूबवर व्हिडिओ टाकून पैसे मिळवत होता. खेळाडू म्हणून ओळख दाखवणाऱ्या व्हिडिओंतून कमाई करू नकोस, अशी अट घातली गेली. त्याने ती नाकारली आणि शिष्यवृत्ती गमावली.

दोन्ही निकाल शेजारी ठेवून बघा. अठरा वर्षे शिक्षण चोरणारे विद्यापीठ सुटले. स्वतःच्या मेहनतीने चार पैसे कमावणारा पोरगा अपात्र झाला. नियम कशाचे रक्षण करत होता, हे यापेक्षा स्पष्ट कोणता निबंध सांगेल?

श्रेणीबद्ध शिक्षा

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात शिवीगाळीचे दंड आहेत. ब्राह्मणाने क्षत्रियाला शिवी दिली तर पन्नास पण, वैश्याला दिली तर पंचवीस, शूद्राला दिली तर बारा. क्षत्रियाने ब्राह्मणाला दिली तर शंभर पण. शूद्राने ब्राह्मणाला दिली तर त्याला देहाची शिक्षा. गुन्हा एकच, शिक्षा पायरीनुसार. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली जे जाळले गेले, त्यात हा हिशेबही जळला. वंश आणि जात एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण श्रेणीबद्ध विषमता ही व्यवस्था ज्याला कळली, त्याला पुढची यादी वाचायला चष्मा लागणार नाही.

पहिली पायरी संस्थांची. कोच जेरी टार्कानियन यांनी एनसीएएला मारलेला एक टोमणा प्रसिद्ध आहे. बड्या केंटकी विद्यापीठावर एनसीएए इतकी भडकली आहे, की आता ती क्लीव्हलंड स्टेटसारख्या छोट्या कॉलेजची शिक्षा दोन वर्षांनी वाढवेल, असा त्याचा आशय. हेच टार्कानियन आपल्याविरुद्धची चौकशी न्याय्य झाली नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेले होते. १९८८ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला की एनसीएए ही सरकारी संस्था नाही, त्यामुळे घटनेतली न्याय्य प्रक्रियेची हमी तिला बांधील करत नाही. शिक्षा करण्याचा अधिकार राजासारखा, जबाबदारी मात्र खासगी क्लबाची. आपल्याकडे खासगीकरणाच्या नावाखाली आरक्षण कसे निसटते, हे पाहणाऱ्यांना ही पळवाट ओळखीची वाटेल.

दुसरी पायरी खेळाडू आणि कोच यांच्यातली. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा रेगी बुश याच्या कुटुंबाने एजंटांकडून पैसे आणि राहायला घर घेतले होते. २०१० च्या जूनमध्ये विद्यापीठाला शिक्षा झाली. दोन वर्षे मोसमाअखेरचा सामना खेळण्यास बंदी, ३० शिष्यवृत्त्या कमी. बुशने २००५ ची हाइझमन ट्रॉफी सोडली, ती त्याला २०२४ मध्ये परत मिळाली. त्या वेळचे कोच पीट कॅरल शिक्षा जाहीर होण्याआधीच जानेवारीत सिअ‍ॅटलच्या व्यावसायिक संघात मोठ्या करारावर गेले होते. बंदी भोगली ती मागे राहिलेल्या पोरांनी, ज्यांतले कित्येक बुशच्या वेळी शाळेत होते.

तिसरी पायरी कोचांच्या आतली. २६ सप्टेंबर २०१७ रोजी अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेने बास्केटबॉल भरतीच्या घोटाळ्यात दहा जणांना अटक केली. त्यांत चार सहायक कोच होते, आणि चौघेही काळे. त्यांपैकी दोघांना पुढे तीन-तीन महिन्यांची कैद झाली. अ‍ॅडिडासचा एक गोरा अधिकारीही तुरुंगात गेला, हे नोंदवले पाहिजे. पण ज्या मुख्य कोचांसाठी ही भरती चालत होती, त्यांच्यापैकी एकावरही फौजदारी खटला झाला नाही. खटल्यात नाव आलेल्या कॅन्सस विद्यापीठाने २०२२ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. २०२३ मध्ये निकाल आला तेव्हा जुने काही विजय खोडले गेले, पण स्पर्धेतून बंदी नाही. मुख्य कोच बिल सेल्फ यांना त्यांच्याच विद्यापीठाने आधी दिलेले चार सामन्यांचे निलंबन पुरेसे ठरले.

आणि हो, या खटल्यात फसवणुकीचा बळी कोण ठरला माहीत आहे? विद्यापीठे! अपात्र खेळाडू गळ्यात मारून कंपनीच्या माणसांनी बिचाऱ्या विद्यापीठांना फसवले, हा सरकारी वकिलांचा सिद्धांत न्यायालयात टिकला. ब्रायन बोवेन या खेळाडूच्या वडिलांना एक लाख डॉलर देण्याचे ठरले होते. बोवेनला कॉलेजचा एकही सामना खेळता आला नाही. तो शेवटी ऑस्ट्रेलियात जाऊन खेळला.

चौथी पायरी सर्वांत वरची. १२ मार्च २०१९ रोजी वेगळाच भरती-घोटाळा उघड झाला. श्रीमंत पालकांनी रिक सिंगर या दलालामार्फत आपली मुले खोटी ‘खेळाडू’ दाखवून येल, सदर्न कॅलिफोर्नियासारख्या विद्यापीठांत घुसवली. पोरांनी कधी न खेळलेल्या खेळाचे फोटो काढले, कोचांना लाच दिली. एका अभिनेत्रीच्या दोन मुली नावाडी म्हणून दाखल झाल्या. होय, नौकानयन! ज्या खेळातून मजुराला अपात्र म्हणून हाकलले, त्याच खेळात न खेळणारी श्रीमंताची मुलगी पात्र ठरली. त्या अभिनेत्रीला शिक्षा झाली दोन महिन्यांची. दुसऱ्या अभिनेत्रीने १५ हजार डॉलर देऊन मुलीचे एसएटीचे गुण वाढवून घेतले. तिला १४ दिवस. जी परीक्षा काळ्या पोरांसाठी चाळणी होती, ती इथे विकत मिळणारी वस्तू होती.

या घोटाळ्यानंतर कोणी म्हणाले का, की श्रीमंतांच्या मुलांची गुणवत्ता संशयास्पद आहे? आरक्षणातून आलेल्या आपल्या डॉक्टरला, प्राध्यापकाला आयुष्यभर पात्रतेचे प्रमाणपत्र मागणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

नियम बदलला तो कोणी?

एनसीएएला उपरती होऊन काही बदलले नाही. खेळाडू न्यायालयात गेले. एड ओबॅनन या माजी खेळाडूने व्हिडिओ गेममध्ये आपला चेहरा विकला जातो आहे हे पाहून दावा लावला, आणि २०१४ मध्ये तो जिंकला. २१ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅल्स्टन खटल्यात नऊ विरुद्ध शून्य असा निकाल एनसीएएविरुद्ध दिला. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर कमाई करता येऊ लागली. ६ जून २०२५ रोजी मंजूर झालेल्या तडजोडीनुसार जुन्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर मिळणार आहेत, आणि विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. ज्या व्यवहारासाठी २०१७ मध्ये माणसे तुरुंगात गेली, त्याचा मोठा भाग आज नियमात बसतो. काल जे पाप होते ते आज करार आहे.

तरी लढा संपलेला नाही. खेळाडूंना अजून कर्मचारी मानले जात नाही. डार्टमथच्या बास्केटबॉल संघाने २०२४ च्या मार्चमध्ये १३ विरुद्ध २ मतांनी कामगार संघटना करण्याचा कौल दिला, आणि वर्ष संपताना तो अर्ज मागे घ्यावा लागला. अभ्यासातील प्रगती मोजणाऱ्या एनसीएएच्या नव्या मापात मार खातात ती बहुधा काळ्यांची गरीब महाविद्यालये, कारण खास शिकवण्या लावायला त्यांच्याकडे पैसा नाही. त्याविरुद्ध २०२० च्या डिसेंबरमध्ये दावा दाखल झाला.

यातून आपण काय घ्यायचे?

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून त्यांच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. दुसऱ्यांचा लढा त्यांनी कौतुकासाठी वाचला नाही, हत्यार म्हणून वाचला. आपणही तसाच वाचू.

पहिली गोष्ट. कोणत्याही पात्रतेच्या नियमाचा मसुदा करणाऱ्या समितीत आपली माणसे आहेत का, हे नियम आल्यावर नाही, येण्याआधी विचारायचे. दुसरी, शिक्षांची नोंद ठेवायची. आपल्या विद्यापीठात, वसतिगृहात, क्रीडा संघटनेत कोणत्या चुकीला कोणाला काय शिक्षा झाली, याची वही आपल्याकडे हवी. नियमाचे कलम वाचून पक्षपात कधीच सापडत नाही. तो शिक्षांच्या यादीत सापडतो. तिसरी, आपली पोरे मैदानावर असोत की प्रयोगशाळेत, त्यांच्या हाती पुस्तक आहे का हे पाहायचे. केविन रॉसला पैसे मिळाले असते तरी त्याचे वाचन चोरलेलेच राहिले असते. पैसा वसूल करता येतो, न शिकलेली चार वर्षे वसूल होत नाहीत.

मनूने निदान पायऱ्या लिहून ठेवल्या होत्या, म्हणून त्या जाळता आल्या. न लिहिलेल्या पायऱ्या जाळता येत नाहीत. त्या आधी मोजाव्या लागतात आणि लोकांपुढे मांडाव्या लागतात. ते काम आपले आहे.

जय भीम!